गजकर्ण : लाज नको, उपचार हवा

भातलावणीत दिवसभर ओल्या लुगड्यात वावरलं की कमरेला, जांघेत, छातीखाली खाज सुटते. गोल चट्टा उठतो. कडा लाल, खवलेदार. मधली कातडी बरी दिसते. हेच गजकर्ण. ते रक्त बिघडल्यानं नाही, बुरशीनं होतं. घाम आणि ओल मिळाली की बुरशी वाढते, एकाच टॉवेलानं घरभर पसरते. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते. म्हणून लाज सोडा, आरोग्य केंद्रात दाखवा. खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध लावा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांनाही सोबत न्या. आणि हो, दमट परकर अंगावर चढवू नका. पुरता वाळू द्या.