लेकराची तारीख पुढे ढकलू नका

सासूबाई दवाखान्यात, घरात धावपळ, आणि तेवढ्यात लेकराच्या ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या तपासणीची तारीख येते. मग "मोठा झाला की बोलेल" म्हणत तीच तारीख पुढे ढकलली जाते. तसं करू नका. मदत जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली.

ऑटिझम रक्त तपासून कळत नाही. डॉक्टर मुलाला खेळताना बघतात आणि घरच्यांना विचारतात. जागरणात आपल्याला नेमकं आठवत नाही, म्हणून एक वही करा. मूल कधी चाललं, पहिला शब्द कधी बोललं, आलेले शब्द गेले का? हाकेला वळतं का? बोटानं दाखवतं, की आपला हात धरून नेतं? मिक्सरच्या आवाजाला कान झाकतं का? मोबाईलवर छोटे व्हिडिओ काढा. लसीकरणाचं कार्ड, कानाच्या तपासणीचे कागद सोबत ठेवा. अंगणवाडीताईंनाही विचारा.

घरातलं आजारपणही लिहा. आजी दिसत नाही म्हणून मूल झोपत नाही, चिडतं. आधीपासूनचं काय आणि आता सुरू झालेलं काय, हे डॉक्टरांना कळलं पाहिजे.

बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे ही तपासणी मोफत होते. चौकशी आशाताईंकडे करा.

आणि गटातल्या सख्यांनो, त्या दिवशी आजीजवळ बसायची पाळी तुम्ही घ्या. आईला लेकरासोबत जाऊ द्या.