क्रीडा मंडळांचे स्वयंसेवक आणि कायद्याचे कवच

(बुलढाणा जिल्ह्यातील क्रीडा मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडात आखाडे आणि व्यायामशाळा यांची परंपरा जुनी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया १९१४ मध्ये घातला गेला आणि त्या प्रेरणेने विदर्भातील तरुण मैदानाकडे वळला. बुलढाणा जिल्हाही या बाबतीत मागे राहिलेला नाही. बुलढाण्याचे तिरंदाज प्रथमेश जावकर यांनी २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या संघातून ते खेळले. अशा यशाच्या बातम्या सर्वत्र पोहोचतात. परंतु गावोगावच्या मैदानांवर पहाटे चुन्याच्या रेघा आखणारे, खांब रोवणारे, मुलांना सांभाळून स्पर्धेला नेणारे आणि जखमेवर पट्टी बांधणारे हात मात्र अनामिक राहतात. ते वेतन घेत नाहीत. शेगावच्या सेवाधाऱ्यांमुळे या जिल्ह्याला निरपेक्ष सेवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

अशा स्वयंसेवकाच्या मनात एक शंका असते. खेळताना एखाद्या मुलाचा हात मोडला, मंडप कोसळून प्रेक्षक जखमी झाला, तर खटला कोणावर होणार? नुकसानभरपाई कोणाच्या घरातून जाणार? ही शंका निराधार नाही. मंडळाचे सचिवपद घेण्यास कोणी पुढे येत नाही, याच्या मुळाशी पुष्कळदा हीच भीती असते.

अमेरिकेने १९९७ मध्ये स्वयंसेवकांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनने २०१५ मध्ये समाजकार्य करणाऱ्यांच्या हेतूचा आणि जबाबदारीच्या वर्तनाचा न्यायालयांनी विचार करावा, असा कायदा केला. आपल्याकडे असा एकत्रित कायदा नाही. तथापि संरक्षणच नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ते निरनिराळ्या अधिनियमांत विखुरलेले आहे. त्याचा लाभ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घेतले पाहिजे.

नोंदणीचे महत्त्व

पहिले कवच संस्था नोंदणी अधिनियम, १८६० याचे आहे. सात किंवा अधिक व्यक्तींना एकत्र येऊन या अधिनियमाखाली संस्था स्थापन करता येते. संस्थेविरुद्धचा दावा अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्त यांच्या नावाने चालू शकतो. मात्र कलम ८ असे सांगते की, संस्थेच्या वतीने ज्याच्यावर हुकूमनामा झाला त्या व्यक्तीच्या मालमत्तेवर अथवा शरीरावर तो बजावता येणार नाही, तो संस्थेच्याच मालमत्तेवर बजावला जाईल. म्हणजे मंडळावरील दाव्यासाठी सचिवाचे शेत, घर किंवा बैलजोडी जप्त होणार नाही.

नोंदणी न केलेल्या मंडळाला हे कवच नाही. जत्रेतील कुस्त्यांच्या दंगलीसाठी चार जणांनी समिती केली, पावत्या फाडल्या, फलक लावले, पण कायद्याच्या दृष्टीने तेथे संस्था अस्तित्वातच आली नाही. अशा वेळी ज्यांनी आयोजन केले त्यांनाच व्यक्तिशः दाव्याला तोंड द्यावे लागते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखाली धर्मादाय कार्यालयातील नोंदही अद्ययावत असली पाहिजे. कार्यकारिणीत बदल झाल्यास त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करावयाचा असतो. तो दिला नाही, तर कधीच पद सोडून गेलेल्या गृहस्थांचे नाव दप्तरी तसेच राहते आणि नोटीस त्यांच्या दारी जाते.

खेळातील इजा आणि गुन्हा

दुसरे कवच फौजदारी कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ प्रमाणे, कायदेशीर कृती योग्य ती काळजी घेऊन करीत असता, गुन्हेगारी हेतूशिवाय अपघात घडल्यास तो अपराध होत नाही. कलम २५ नुसार, मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसेल आणि तसे होण्याचा संभव कर्त्याला माहीत नसेल, तर १८ वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने केलेल्या कृतीतून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. १८६० च्या दंड संहितेपासून चालत आलेले त्याचे उदाहरण तर खेळाचेच आहे. दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्याचे ठरवितात, तेव्हा नियम न मोडता होणारी इजा सोसण्यास त्यांनी संमती दिली, असे मानले जाते.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. चढाई करताना गुडघा मुरगळणे हा खेळाचा अंगभूत धोका आहे आणि खेळाडूने तो पत्करलेला असतो. मैदानावर पडलेली काच, गंजलेला खांब किंवा बाण सुटत असताना लक्ष्याच्या दिशेने मोकळी ठेवलेली वाट, हे धोके त्याने पत्करलेले नसतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, जबर दुखापत झाल्यास कलम १२५ लागू होते. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले की, फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते. तथापि नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यास याहून कमी हयगयही पुरेशी होते. स्वतःच्या हयगयीची दिवाणी जबाबदारी व्यक्तीवर राहतेच, तेथे कलम ८ चा आधार मिळत नाही. पालकांकडून हमीपत्र लिहून घेतले म्हणजे आपण मोकळे झालो, ही समजूतही तितकीच फसवी आहे. हमीपत्राने पालकांना धोक्याची कल्पना दिल्याचा पुरावा राहतो, पण हयगय माफ होत नाही.

प्रवासाविषयीही एक इशारा आवश्यक आहे. संघाला मालवाहू टेम्पोत बसवून स्पर्धेला नेण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. मालवाहू वाहनातून नेलेल्या अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. अपघात झालाच, तर भार वाहनमालकावर येतो आणि मंडळही प्रश्नातून सुटत नाही. याउलट रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. हे संरक्षण मोटार अपघातापुरतेच आहे, मैदानावरील इजेला ते लागू होत नाही.

मुलांची सुरक्षितता

मैदानावर येणाऱ्यांत मोठी संख्या मुलामुलींची असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ प्रमाणे, असा अपराध घडल्याचे समजताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कलम १९ नुसार दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. गप्प बसणारा मात्र शिक्षेस पात्र ठरतो आणि हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मंडळाच्या अब्रूसाठी प्रकरण मिटविणे म्हणजे कायद्याने दिलेले कवच आपल्या हाताने उतरवून ठेवणे होय.

विम्याचा आधार

कायद्याचे संरक्षण असले तरी जखमीच्या उपचारांचा खर्च थांबत नाही. राज्य शासनाने २०२२ मध्ये दहीहंडीतील गोविंदांसाठी विमा संरक्षण जाहीर केले आणि मृत्यू झाल्यास १० लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद केली. हेच तत्त्व प्रत्येक मंडळाने आपल्यापुरते स्वीकारावे. १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. खेळाडूंचा सामूहिक अपघात विमा आणि प्रेक्षकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा यांचा खर्च स्पर्धेच्या अंदाजपत्रकात मंडपाच्या खर्चाआधी मांडला जावा.

सारांश, नोंदणी चालू ठेवावी, बदल अर्ज वेळेवर द्यावा, प्रत्येक सामन्यापूर्वी मैदान व साहित्य तपासून वहीत सही करावी, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक हाताशी असावा. या गोष्टींना पैसा फार लागत नाही, शिस्त लागते. घडलेल्या अपघातानंतर न्यायालय पहिला प्रश्न विचारते तो काळजी घेतली होती काय, हा. त्या साध्या वहीतील सही हेच त्याचे उत्तर असते. ती वही नियमित लिहिली जाईल, तर मैदानावर राबणाऱ्या तरुणाला सचिवपद स्वीकारताना कचरण्याचे कारण उरणार नाही आणि आपले मूल मैदानावर पाठविताना आईलाही घोर लागणार नाही.