पर्समधली ट्यूब



दहावीतल्या मुलीला घेऊन आई दवाखान्यात येते आणि बसायच्या आधीच सुरू होते, 'डॉक्टर, ही दिवसभर आरशासमोर! आमच्या वेळी डाळीचं पीठ आणि दूध, बास.' मुलगी मान खाली घालते. विचारलं की पुटपुटते, 'वर्गात सगळे चेहऱ्याकडेच बघतात.' आईला ते नखरे वाटतात, मुलीला उद्या शाळेत जायचीच धास्ती असते. खरं दोघींचंही आहे. पण घरात बोलणी बसली की मुलं क्रीम लपवून लावतात, आणि मला काळजी त्याची वाटते.

पर्समधून जी ट्यूब निघते, ती बरेचदा मैत्रिणीनं सुचवलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली असते. मागची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही स्टेरॉइड्स. काही त्वचारोगांवर फार गुणकारी, पण मुरुमांवर किंवा गोरं होण्यासाठी मुळीच नाहीत. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, मूल खूश! पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते. लावायचं थांबवलं की चेहरा लालभडक होऊन आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. 2018 साली सरकारनं अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मिळतात, हे संतापजनक आहे. घरात अशी ट्यूब सापडली तर रागाच्या भरात फेकू नका. एकदम बंद केल्यानं त्रास उसळतो. ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे या.

लेबल नसलेली गोरेपणाची क्रीमं तर घरात आणूच नका. त्यांत पारा निघतो, आणि तो मूत्रपिंडांवर जातो.

पालकहो, मुरुमं अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना हार्मोन्समुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं तुंबतात. लिंबू, टूथपेस्ट चोळून फक्त कातडी जळते. कपाळावर पुटकुळ्या असतील तर डोक्याचं तेल कमी करा. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, आणि रात्री 2.5 टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड जेल पातळसं. त्यानं कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा उशीचा अभ्रा पांढरा घाला. गुण यायला 6 ते 8 आठवडे लागतात, हे मुलांना आधीच सांगा.

फोड दुखत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर 'वय सरलं की जातील' म्हणून थांबू नका. ते व्रण कायमचे राहतात. आणि तपासणीच्या वेळी पाच मिनिटं बाहेर बसा. काय लावलं होतं, ते मुलं बहुधा तेव्हाच सांगतात.