कठोर अध्यापकाचे ऋण

(गुरुपौर्णिमेच्या निमित्ताने भाईंदर येथे झालेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मेळाव्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



गुरुपौर्णिमेचा उत्सव आपण भगव्या ध्वजाचे पूजन करून साजरा करतो. डॉक्टर हेडगेवारांनी व्यक्तीऐवजी ध्वजाला गुरुस्थानी मानले. व्यक्ती कितीही थोर असली तरी तिच्या ठायी उणीव असू शकते, हे त्यांनी ओळखले होते. मी मात्र आज एका व्यक्तीविषयी, एका प्राध्यापकाविषयी बोलणार आहे. आपल्या परंपरेने दिलेले हे भान सोबत ठेवूनच बोलेन. अध्यापकाला देव्हाऱ्यात बसवावे असे मला वाटत नाही, आणि तो कडक आहे एवढ्यावरून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असेही वाटत नाही.

विषय निवडण्याचे कारण सांगतो. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की माझ्याकडे पालक येऊ लागतात. तक्रार ठरलेली असते. विषय फार अवघड आहे, प्राध्यापक फार कडक आहेत, मुलगा बारावीत एवढे गुण मिळवून गेला आणि आता गणितात केटी लागली. मीरा-भाईंदरमध्ये या तक्रारीला आणखी एक कडा आहे. हे शहर मुख्यतः स्थलांतरितांचे. मूळची आगरी-कोळी गावे आणि मिठागरे यांच्या भोवती गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून निघालेली कुटुंबे येऊन वसली. २००२ साली येथे महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येने आठ लाखांचा आकडा ओलांडला. येथील शेकडो घरांत अभियंता होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी ही त्या घरातील पहिलीच. तिला वाट दाखवणारा काका, मामा नाही. म्हणून पहिली केटी लागली की साऱ्या घराला वाटते, आपण आपली पायरी सोडून चढायला गेलो.

तसे मुळीच नाही. ते का, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला माटुंग्याला घेऊन जाणार आहे. येथून लोकलने तासाभराचा रस्ता.

माटुंग्याला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. जुन्या पिढीला तो यूडीसीटी या नावाने ठाऊक आहे. २००८ पासून तो इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. १९६४ साली तेथे एक सत्तावीस वर्षांचा तरुण प्राध्यापक रुजू झाला. जन्म जोधपूरचा, पदवी याच संस्थेची, पीएच.डी. केंब्रिजची. नाव मनमोहन शर्मा. परदेशात राहण्याची उत्तम संधी असताना हा तरुण परतला आणि जेथे शिकला तेथेच शिकवू लागला. पुढे १९८९ ते १९९७ या काळात ते संस्थेचे संचालक होते. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले, १९९६ साली त्याच सोसायटीचे लेव्हरहुल्म पदक त्यांना मिळाले आणि २००१ साली पद्मविभूषण.

केंब्रिजमधील त्यांचे गुरू पीटर डँकवर्ट्स यांची एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवडेल. १९४० साली जर्मनीने लंडनवर हवाई छत्रीने सुरुंग टाकले तेव्हा या तरुण नौदल अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत सोळा सुरुंग निकामी केले होते. त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. ज्याने जिवंत सुरुंगाच्या कळी हाताने उलगडल्या, तो पुढे शिकवताना ढिसाळ विचार खपवून घेईल अशी अपेक्षा कोणी करू नये!

शर्मा सरांचा विषय काय होता? तो थोडा समजून घेऊ, कारण अवघड विषय नेमका कशामुळे अवघड असतो हे त्यातून कळते. खतकारखान्यात अमोनिया तयार करायचा तर वायूंच्या मिश्रणातून कार्बन डायऑक्साइड आधी काढून टाकावा लागतो. एका उंच मनोऱ्यात वरून द्रावण सोडतात, खालून वायू सोडतात, आणि द्रावण त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. ऐकायला सोपे आहे. परंतु वायू द्रवात विरघळायला काही वेळ लागतो, आणि विरघळल्यावर रासायनिक अभिक्रिया घडायलाही काही वेळ लागतो. या दोहोंपैकी मंद पायरी कोणती? अभिक्रिया मंद असेल तर द्रवाचे आकारमान वाढवले पाहिजे. विरघळणे मंद असेल तर वायू आणि द्रव यांच्या संपर्काचा पृष्ठभाग वाढवला पाहिजे. मंद पायरी चुकीची धरली तर कोट्यवधी रुपयांचा मनोरा उभा राहतो आणि त्यातून हवे ते काम होत नाही.

पाठांतर करून येणाऱ्या विद्यार्थ्याची येथे कोंडी होते. सूत्रे दोन्ही प्रकारची त्याला तोंडपाठ असतात. कोणते कोठे लावायचे हे सूत्र सांगत नाही. ते स्वतःलाच ठरवावे लागते, आणि ठरवायला लावणारा प्राध्यापक मुलांना कठोर वाटतो. बारावीपर्यंत शिकवणीच्या वर्गांनी त्याला प्रश्नाचा प्रकार ओळखून उत्तर उतरवायला शिकवलेले असते. अभियांत्रिकीत प्रश्नच नवा असतो. या दोन गोष्टींमधले अंतर कोणीतरी आधी सांगायला हवे होते. ते कोणी सांगत नाही, आणि मुलाला वाटते की आपली बुद्धीच कमी पडली.

शर्मा सरांकडे कोण टिकले ते पाहा. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर. वडील लहानपणीच गेलेले, आई अंजनीताईंनी कष्टाने वाढवलेला, मुंबईत मराठी माध्यमातून शिकलेला, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला मुलगा. महिना साठ रुपयांच्या टाटा न्यासाच्या शिष्यवृत्तीवर तो पदवीपर्यंत पोहोचला आणि केंब्रिजहून परतलेल्या त्या तरुण प्राध्यापकाकडे संशोधनाला राहिला. १९६९ साली पीएच.डी. झाली. पुढे माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, आणि हळदीच्या अमेरिकन पेटंटाविरुद्धची लढाई त्यांच्याच काळात, १९९७ साली भारताने जिंकली. कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्याच्या शेतकरी कुटुंबातले गणपती यादव १९८० साली शर्मा सरांकडेच पीएच.डी. झाले आणि २००९ ते २०१९ या काळात त्याच संस्थेचे कुलगुरू होते. त्याच परंपरेतले ज्येष्ठराज जोशी संस्थेचे संचालक झाले आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. यांपैकी कोणाच्याही घरी अभियंत्यांची परंपरा चालत आलेली नव्हती. सरांनी त्यांच्यासाठी विषय सोपा केला नाही. हेही खेडेगावातले, गरीब घरचे, मराठी माध्यमातले म्हणून त्यांना वेगळे, खालचे माप लावले असते, तर तो त्यांचा अपमान झाला असता.

दुसऱ्या टोकाला मुकेश अंबानी आहेत. आयआयटीचा पर्याय असताना त्यांनी यूडीसीटी निवडली. तेथील शर्मा सरांच्या पहिल्याच व्याख्यानाने आपल्याला प्रेरणा दिली, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ६ जून २०२५ रोजी सरांच्या चरित्राचे प्रकाशन संस्थेत झाले. त्या वेळी अंबानींनी कोणतीही अट न घालता १५१ कोटी रुपयांची गुरुदक्षिणा संस्थेला दिली, आणि सरांनी सांगितले म्हणून दिली असेही सांगितले. वर्तमानपत्रांचे लक्ष अर्थातच आकड्याकडे गेले. मला त्यातले वेगळे काही मोलाचे वाटते. देशातला सर्वांत धनाढ्य उद्योगपती, शिक्षण संपून चार दशके उलटून गेल्यावरही आपल्या प्राध्यापकाच्या शब्दाला आज्ञा मानतो. हा अधिकार कडकपणाने येत नाही. कडक तर रेल्वेचा तिकीट तपासनीसही असतो.

मग तो कशाने येतो? जे माप विद्यार्थ्याला, तेच स्वतःला लावल्याने. शर्मा सर शिकवत होते तेव्हा स्वतः संशोधन करत होते, उद्योगांचे सल्लागार म्हणून कारखान्यातले प्रश्न वर्गात आणत होते आणि वर्गातले विद्यार्थी उद्योगांत पाठवत होते. आपल्या विचारपरंपरेतले उदाहरण द्यायचे तर माधवराव गोळवलकरांचे आहे. १९३० च्या सुमारास ते काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांना अडचण आली की स्वतःच्या विषयापलीकडचे विषयही अभ्यासून ते शिकवत, आणि तुटपुंज्या पगारातून गरजूंचा भार उचलत. ‘गुरुजी’ हे नाव त्यांना संघाने दिलेले नाही. ते त्या विद्यार्थ्यांनी दिले.

आता नाण्याची दुसरी बाजू बोललो नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. कठोरपणाच्या नावाखाली निव्वळ उर्मटपणाही मी पाहिला आहे. वर्गात उशिरा यायचे, फळ्यावर पुस्तक उतरवायचे, शंका विचारणाऱ्याला चारचौघांत मूर्ख ठरवायचे, जर्नलवर सही करताना आठ-आठ दिवस मुलांना दारात उभे करायचे आणि अर्धा वर्ग नापास झाला की विषयाच्या काठिण्याचा अभिमान मिरवायचा. याला शिस्त म्हणत नाहीत. अनेक महाविद्यालयांत तर अनुभवी अध्यापकच नसतात; कालपरवा पदवी घेतलेला मुलगा अपुऱ्या पगारावर तीन-तीन विषय शिकवतो. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने तक्रार केली तर पालकांनी ती ऐकून घ्यावी, शहानिशा करावी, आणि गरज पडली तर प्राचार्यांपर्यंत जावे. फक्त आधी एक प्रश्न विचारावा: हे सर शंका घेऊन गेल्यावर वेळ देतात का? देत असतील तर त्यांची कडक भाषा सोसावी.

भाषेचा प्रश्नही आहे. मराठी शाळेतून आलेला मुलगा मेकॅनिक्समध्ये अडतो तेव्हा तो बलांचे समतोल न कळल्यामुळे अडतो, की इंग्रजी वाक्य न कळल्यामुळे, हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली आठ राज्यांतल्या चौदा महाविद्यालयांनी पाच भारतीय भाषांमधून अभियांत्रिकी शिकवण्याची तयारी केली. त्यांत मराठी होती आणि पिंपरी-चिंचवडचे महाविद्यालय होते. मी या उपक्रमाचे मनापासून स्वागत करतो. मात्र मराठीतून शिकवले की अभियांत्रिकी सोपी होईल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. समीकरण मराठीतही तेवढेच अवघड राहते. नको तो अडथळा दूर होतो आणि खरा अडथळा समोर येतो, एवढाच त्याचा लाभ, आणि तो लहान नाही.

म्हणून मी पालकांना सांगतो, मुलाची मंद पायरी शोधा. खतकारखान्याच्या मनोऱ्यासारखेच आहे हे. माझ्याकडे येथूनच माटुंग्याला जाणारा एक विद्यार्थी येत असे. ड्रॉइंगमध्ये तो दोनदा अनुत्तीर्ण झाला. वडिलांनी महागडी शिकवणी लावली. उपयोग झाला नाही. बोलता बोलता कळले, की सकाळच्या विरार गाडीत शिरणे भाईंदरच्या माणसाला अवघडच, त्यात ड्रॉइंगची नळकांडी आणि मिनी ड्राफ्टर घेऊन अशक्य. म्हणून तो साहित्य महाविद्यालयातच ठेवत असे आणि घरी सरावच होत नसे. जुना ड्रॉइंग बोर्ड मिळवून घरी दिला, तिसऱ्या खेपेला तो उत्तीर्ण झाला. त्याची शिकवण्याची बाजू मंद नव्हती, सरावाची होती. दुसऱ्या एका मुलीची अडचण अकरावीचे कलनच कच्चे राहिल्याची निघाली. तिला सहा आठवडे मागे नेऊन बसवावे लागले. गणिताच्या ज्या प्राध्यापकांना ती घाबरत असे, त्यांनीच रोज अर्धा तास दिला. तिने विचारण्याचे धाडस केले, इतकेच.

निकाल लपवू नका, हे विद्यार्थ्यांना सांगतो. घरात केटी लपवणारा मुलगा पुढे दोन वर्षे खोटे बोलत राहतो, आणि वर्ष वाया जाण्यापेक्षा ते ओझे त्याला जास्त खचवते. पालकांनीही नातेवाइकांत मिरवण्यासाठी त्याच्या माथी शाखा मारू नये. संगणकाची शाखा मिळाली नाही म्हणून घरात सुतक पाळणारी कुटुंबे मी पाहिली आहेत! पूजनीय सुदर्शनजी जबलपूरच्या शासकीय महाविद्यालयाचे दूरसंचार अभियंते होते. त्यांनी त्या पदवीचे पुढे काय केले, हे या सभागृहात मी सांगायला नको.

मीरा रोडला २०१० पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे निदान काही मुलांचा प्रवास वाचला. वाचलेल्या त्या वेळाचे काय करायचे याची व्यवस्था आपण करू शकतो. आपल्या भागात रविवारी सकाळी जी अभ्यासिका चालते, तेथे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे आठ विद्यार्थी यंदाही बसणार आहेत. गणित, मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग, हे तीनच विषय. शुल्क नाही. येताना न सुटलेले गणित घेऊन या, सुटलेले नको. आणि ज्यांच्या घरी जुने ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ते झाडून-पुसून या महिन्याअखेर तेथे पोहोचवावेत. मागच्या खेपेला चार कमी पडले होते.