मोती परदेशी जातो

आमच्या मोतीला व्हिसा लागला नाही, पण कागद मात्र माझ्या मुलीइतकेच जमवावे लागले.

मोती म्हणजे यवतमाळच्या पावसात भिजत सापडलेलं गावठी पिल्लू. मुलीनं उचलून घरी आणलं. आमच्या घरी नमाज होते. कुत्र्याची लाळ लागली की कपडे बदलावे लागतात. मी म्हटलं, "राहू दे, पण उंबऱ्याबाहेर." ती म्हणाली, "अब्बा, कुराणातल्या गुहेच्या गोष्टीतला कुत्राही उंबऱ्यावरच बसला होता ना!" मी गप्प झालो.

पुढं तिला जर्मनीत नोकरी लागली. मोतीला नेणारच, हा तिचा हट्ट. युरोपचा नियम असा, की आधी कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप बसवायची, मग रेबीजची लस. आम्ही लस आधी टोचून घेतली होती. ती धरत नाहीत. पुन्हा टोचली. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. अहवाल चांगला आला तरी रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचं. आधी राग आला. मग वाटलं, रेबीजची लक्षणं दिसली की माणूस सहसा वाचत नाही, आणि आपल्याकडून तो रोग अजून गेलेला नाही. त्यांनी खबरदारी का घेऊ नये?

मुलीला थांबणं शक्य नव्हतं. ती गेली आणि घरी उरलो मोती अन् मी. आठ दिवस तो फाटकाशीच बसून होता. एका थंडीच्या रात्री मीच त्याला आत घेतलं. नमाजाचे कपडे वेगळ्या खोलीत ठेवले, एवढंच.

मुदत भरली तशी मुलगी रजा काढून आली, कारण मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. मुंबईत सरकारी पशू संगरोध कार्यालयाचा दाखला घेतला. पिंजरा उभं राहता, वळता येईल एवढा हवा. त्याची सवय व्हावी म्हणून तो महिनाभर आधीच घरात मांडला होता. गुंगीचं औषध देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आत माझा जुना सदरा अंथरला.

तुमच्या घरातून कुणी असं जाणार असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी चिपचं बघा. निदान पाच महिने हाताशी ठेवा.

आता आमचा उंबरा स्वच्छ असतो. कपडे बदलावे लागत नाहीत.