कर्ज काढलंय, अब्रू गहाण टाकलेली नाही
(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज दारावर येणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. हप्ता थकला की तो येतो. एकटा नाही, दोघंतिघं. घरात बसून बोलायचं ते गल्लीत उभं राहून बोलतात, सगळ्या चाळीनं ऐकावं म्हणून. या घरात पैसा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण लाज आहे, हेही ठाऊक असतं. वसुली होते ती लाजेची.

हा धंदा जुना. मुंबईत गिरण्यांच्या दारावर पगाराच्या दिवशी व्याजवाल्याची माणसं काठ्या घेऊन उभी राहायची. वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणं गुन्हा ठरवा, अशी शिफारस गोऱ्यांच्या शाही कामगार आयोगालासुद्धा १९३१ साली करावी लागली. गिरण्या गेल्या. काठीवाला राहिला. आता त्याच्या हातात मोबाईल आहे, एवढंच.

तेव्हा पहिली गोष्ट डोक्यात ठोकून घ्या. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. ज्याची फेडायची ऐपतच नाही त्याला केवळ कर्जापायी तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. ऐपत असून मुद्दाम बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होतो, म्हणून कोऱ्या चेकवर सही करू नका. ‘उद्या पोलीस उचलतील’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या कलमाखाली?

दुसरी गोष्ट. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली बजावलं : वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी नाही, संध्याकाळी ७ नंतर नाही. आपल्या आयाबहिणी जे मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतात त्याला वेळ आणखी कमी, ९ ते ६. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना छळणं, चारचौघांत बदनामी, सगळ्याला मनाई. ‘तो एजंट आमचा नव्हे’ म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत. आणि कर्जाच्या ॲपनं तुमच्या फोनमधले नंबर नि फोटो उपसायचे नाहीत, हेही त्याच साली ठरलं.

तिसरी गोष्ट, नाक्यावरचा सावकार. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करायची.

आणि चौथी. लोकांसमोर त्यानं जातीवरून शिवी घातली, तर तिथं वसुली संपली. तिथं १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा सुरू होतो. हप्त्याच्या हिशेबात जातीची शिवी बसत नाही.

आता करायचं काय? वही ठेवा. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, सगळं लिहा. ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा. फोन रेकॉर्ड करा. बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही. मारहाणीची धमकी असेल तर थेट पोलीस ठाणं. ‘पैशाचा मामला आहे, आपसात मिटवा’ म्हणून साहेब हाकलून देईल. एकट्याला हाकलतो. दहा जण गेले की कागद पुढं ओढतो.

कायद्यानं कर्ज माफ होत नाही. फेडायचं ते फेडू, जमेल तसं फेडू. पण मान खाली घालून नाही. या कायद्यातलं एक कलमसुद्धा आपल्या पायानं वस्तीत चालत येणार नाही. शिकलेल्या पोरांनी ते आणायचंय. आज शेजारच्या दारात आवाज चढला की आपण कडी लावून घेतो. आपल्या या कडीवरच त्यांचा धंदा चालतो. यापुढं आवाज चढला की दार उघडा, बाहेर या, आणि त्या बाईच्या शेजारी उभे राहा.