चाप अडकतो तेव्हा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



ज्वारी दुधात आली की रानडुकरांची धाड पडते आणि पीक कोवळे असताना रोह्यांचे कळप फिरतात. राखणीसाठी ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठी आजचे बोलणे. नळीखालचा दांडा मागेपुढे सरकवून काडतूस चढवायची पंप बंदूक जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतली की एक तक्रार नेहमी येते. चाप ओढला की मागेच राहतो, पुढे येत नाही.

ही तक्रार किरकोळ समजू नका. चाप मागे राहिला तर आतला घोडा खाचेत नीट धरला जाईल याची खात्री राहत नाही. पुढचे काडतूस चढवायला दांडा पुढे ढकलला आणि घोडा सुटला, तर बार डुकराला लागणार नाही, शेजारी उभ्या पोराला लागेल. सेफ्टीच्या बटणावरही विसंबू नका. बहुतेक पंप बंदुकांत ते बटण फक्त चाप रोखते, घोडा रोखत नाही.

म्हणून पहिले काम बंदूक रिकामी करण्याचे. तोंड सुरक्षित दिशेला धरा. काडतुसे काढा. नळीचे घर आणि खालची काडतुसांची नळी डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. काढलेली काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढचे बोला.

आता दोष ओळखायचा. चाप दबतच नसेल, तर आधी सेफ्टी पाहा, मग दांडा पूर्ण पुढे बसला आहे का ते पाहा. तो पुरता बसल्याशिवाय बार होऊ नये अशीच रचना असते. ओलीने फुगलेले काडतूसही दांडा बसू देत नाही. हा चापाचा दोष नव्हे.

चाप दबतो पण परत येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच : जुने तेल आणि त्यात बसलेली धूळ. आपल्याकडे घरात असेल ते तेल घालायची सवय. जवस आणि करडई आपणच पिकवतो, पण ही दोन्ही तेले हवेने वाळून साय धरतात. जवसाचे तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. लाकडाला जे चांगले, ते चापाला डिंक. खाण्याचे कुठलेच तेल बंदुकीत घालू नका.

उपाय धुण्याचा. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासून बनणारी बंदूक घ्या. तिचा चापाचा संच दोन आडव्या पिनांवर बसतो. घोडा चढवून, सेफ्टी लावून पिना बाहेर ढकलल्या की सबंध संच खाली निघतो. मॉसबर्ग ५०० मध्ये पिन एकच. संच आणखी सुटा करू नका आणि हातात धरून चाप ओढू नका, घोडा मोकळा आपटतो. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनने जुन्या दातांच्या ब्रशने धुवा. जवळ चूल, विडी नको. पूर्ण वाळू द्या, बंदुकीच्या पातळ तेलाचे एकदोन थेंब द्या, जास्तीचे पुसा. संच बसवून रिकाम्या बंदुकीचा दांडा दहा वेळा चालवा. दहाही वेळा चाप आपोआप पुढे आला पाहिजे.

नाही आला, तर स्प्रिंग थकली आहे, गंज चढला आहे, किंवा आधीच्या मालकाने कानस चालवली आहे. इथे आपला हात थांबवायचा. खाच घासली किंवा स्प्रिंग कापली तर चाप हलका होतो, आणि मग धक्क्यानेही बार होतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला परवाना लागतो. मोटर दुरुस्त करणारा गावचा मिस्त्री कितीही हुशार असो, हे काम त्याचे नव्हे. आपला परवाना बरोबर घेऊन परवानाधारक कारागिराकडे जा.

जुनी बंदूक घेताना पैसे मोजण्याआधीच ही दहा वेळांची परीक्षा घ्या. चाप अडकला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सौदा सोडा. आणि एक लक्षात ठेवा : बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

राखणीला निघायच्या आधी दिवसाउजेडी घरी चाप तपासा. रात्री धुऱ्यावर ते काम होत नाही.